नववीतनं शाळा सोडून स्वतः शिकायचंय? दाखला काढायच्या आधीपासून पहिल्या वर्षापर्यंत काय काय करायचं

मुलगा शाळा सोडून घरी शिकतो हे आसपास कळल्यापासून मला बरेच फोन येतात, कुणाच्या वहिनीनं नंबर दिलेला असतो, कुणाच्या ऑफिसातल्या मॅडमनी, आणि सगळ्यांचे प्रश्न ठरलेले, दहावीचं काय, सर्टिफिकेट चालतं का, पुढे इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळेल का. उत्तरं आहेत आणि खाली सगळी देतेय. पण एक प्रश्न अजून कुणी विचारला नाही, की मंगळवारी सकाळी अकरा वाजता, बाकीची पोरं वर्गात असताना, आपलं पोरगं घरात काय करणार? खरं अवघड तेच आहे. कागदपत्रं दोन-तीन महिन्यात होतात, त्या अकरा वाजताची सवय व्हायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं.

आमचं सांगायचं तर आम्ही कराडजवळ राहतो, मी पतसंस्थेत कामाला आहे, मिस्टरांचं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. मुलगा नववीत दिवाळीनंतर शाळेत गेला नाही, तेव्हा साडेचौदा वर्षांचा होता. आता सतरावं चालू आहे, दहावी मुक्त विद्यालयातनं झाली, म्हणजे रोज वर्गात न बसता परीक्षा देता येते त्या सरकारी बोर्डातनं, आणि बारावीचे विषय एकेक करून देतोय. मला वाटतं की ज्या मुलाला आतनं शिकायचंय आणि शाळेत रोज थोडं थोडं विझत चाललंय त्यानं हा रस्ता जरूर बघावा, आईबापांनी घाबरून दार लावू नये. पण नीट करायचं, घाईत नाही. म्हणून क्रमानं लिहितेय.

पहिलं: शाळा नक्की कुणाला सोडायचीय?

हे आधी स्वच्छ करून घ्या. मुलाला सोडायचीय की तुम्हाला? आई किंवा बाबांनी कुठला तरी व्हिडिओ बघितला, फी वाढली, शाळेशी भांडण झालं, आणि मुलाला काही न विचारता काढलं, असं असेल तर हे चालत नाही. स्वतः शिकणं म्हणजे गाडी मुलानं हाकायची, त्यालाच बसायचं नसेल तर तुम्ही किती ढकलणार.

आणि मुलाला सोडायचीय तर का, हे शांतपणे विचारा, एका दिवसात नाही, आठ-पंधरा दिवस बोलत राहा. कुणी त्रास देत असेल, मारत असेल, एखादे सर सारखे अपमान करत असतील तर आधी तो प्रश्न सोडवा, तुकडी बदला, शाळा बदला. डोळ्याचा नंबर निघतो बऱ्याचदा, फळ्यावरचं दिसतच नसतं. वाचता-लिहिता येण्यात अडचण असेल तर तपासणी करून घ्या, त्यासाठी परीक्षेत सवलती मिळतात. हे सगळं बघूनही मुलगा म्हणत असेल की मला तिथं दिवसभर बसून जे मिळतं ते मी घरी दोन तासात करतो आणि मला दुसरं खूप काही करायचंय, तर मग पुढे वाचा.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. आपल्याकडे शाळा सुटते ती बहुतेक वेळा नाईलाजानं, ऊसतोडीला जायचं म्हणून, घरातलं धाकटं सांभाळायचं म्हणून, आणि मुलींच्या बाबतीत तर पुढे काय होतं ते गावात सगळ्यांना माहीत असतं. सरकारी भाषेत त्याला गळती म्हणतात. मी लिहितेय ते त्याच्याबद्दल नाही. मुलीला घरी बसवायला, लग्नाचं बघायला, दुकानावर फुकट माणूस मिळवायला कुणी या लेखातनं आधार शोधत असेल तर कृपा करून शोधू नका, तिला शाळेतच राहू द्या. मुलगी स्वतः म्हणत असेल आणि घर खरंच तिच्या पाठीशी असेल तर तिलाही तेवढाच हक्क आहे, पण मग घरातली धुणीभांडी तिच्या अंगावर पडणार नाहीत हे आधी ठरवा, कारण "घरीच असतेस ना" हे वाक्य पहिल्या आठवड्यातच येतं.

दुसरं: कायदा काय म्हणतो

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि तो ६ ते १४ वयासाठी आहे. त्यातली सक्ती मुख्यतः सरकारवर आहे, की प्रत्येक मुलाला मोफत शाळा मिळालीच पाहिजे. घरी शिकवणाऱ्यांसाठी वेगळा असा कायदा, नोंदणी, परवाना काही नाही. माझं मत असं की चौदा पूर्ण होईपर्यंत थांबता आलं तर थांबा. आठवी पास झाल्याचा कागद हातात असला की पुढची बरीच दारं सोपी होतात आणि मूलही स्वतःचं बोलण्याइतकं मोठं झालेलं असतं.

तिसरं: दहावी कुठनं देणार ते शाळा सोडायच्या आधी ठरवा

लोक उलटं करतात. आधी काढतात, मग शोधतात. रस्ते मला माहीत आहेत ते असे.

एक, एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. १९८९ पासून आहे, केंद्र सरकारची आहे, तिची दहावी-बारावी बाकीच्या बोर्डांइतकीच धरतात. दहावीला प्रवेश घ्यायला वय किमान १४ लागतं, बारावीला १५. पाच विषय घ्यायचे, त्यात भाषा एक किंवा दोन, बाकीचे आपल्या आवडीचे, गणित-विज्ञान आहेच पण गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एंट्री, मानसशास्त्र असेही आहेत. मराठी माध्यम मिळतं. सगळ्यात मोठी सोय म्हणजे पाचही विषय एकदम द्यावे लागत नाहीत, पाच वर्षांत नऊ संधी असतात, एप्रिल-मेमध्ये परीक्षा आणि परत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जो विषय तयार झाला तो द्यायचा, पास झालेला जमा राहतो. पास व्हायला ३३ टक्के. एक स्वाध्याय लिहून द्यावा लागतो, टीएमए म्हणतात त्याला, त्याला २० टक्के वजन असतं आणि तो विसरणारे खूप. बारावीसाठी लक्षात ठेवा की दहावी पास झाल्यावर दोन वर्षांच्या आत पाचही विषयांचा निकाल हाती पडत नाही, तेवढं अंतर ठेवावंच लागतं.

फॉर्म स्वतः ऑनलाइन भरा. "घरबसल्या दहावी पास, गॅरंटी" म्हणणारे एजंट प्रत्येक तालुक्यात आहेत, त्यांना एक रुपया देऊ नका. ते बऱ्याचदा दुसऱ्या राज्यातलं केंद्र सुचवतात, तेही घेऊ नका, कारण पुढे इंजिनिअरिंग-मेडिकलच्या राज्याच्या कोट्यात दहावी-बारावी कुठनं केली ते बघतात. केंद्र महाराष्ट्रातलंच घ्या. आमचं केंद्र एसटीनं दीड तासावर होतं, चाललं, कारण रोज जायचं नसतंच. काही अडलं तर पुण्यात त्यांचं विभागीय कार्यालय आहे.

दोन, आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. "दहावी बाहेरनं दिली" म्हणतात ना, ते हे. पुस्तकं तीच बालभारतीची, पेपर तोच, मार्कलिस्टही राज्य मंडळाचीच, फक्त वर्गात बसायचं नाही. ज्या घरी आजी-आजोबांना "बोर्डाची दहावी" हाच शब्द ऐकायचाय त्यांना हे बरं पडतं. फॉर्म परीक्षेच्या खूप आधी, पावसाळ्याच्या आसपास निघतो, त्यामुळे जूनपासूनच पेपरात आणि मंडळाच्या साइटवर लक्ष ठेवा. तोंडी आणि प्रात्यक्षिक नेमून दिलेल्या शाळेत होतात, तिथल्या सरांना आधीच जाऊन भेटा. बारावी सायन्सचा विचार असेल तर हा रस्ता अडतो, सायन्सवाल्यांनी मुक्त विद्यालय बघावं.

तीन, मूल आठवीच्याही आत असेल तर राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, तिथे पाचवी आणि आठवीच्या पातळीची परीक्षा देता येते. चार, इंग्लंडच्या केंब्रिजची आयजीसीएसई ही दहावीच्या पातळीची परीक्षा, ती खासगी देता येते पण खर्च आमच्यासारख्यांच्या आवाक्यातला नाही, म्हणून मी फार बघितलं नाही.

"मेडिकलची नीट परीक्षा देता येते का" हाही एक ठरलेला प्रश्न. २०१८ साली मुक्त विद्यालयाच्या मुलांना नीटमधनं बाहेर ठेवणारा नियम आला होता, तो दिल्ली हायकोर्टानं त्याच वर्षी रद्द केला. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी हे विषय आणि प्रात्यक्षिकं मात्र व्यवस्थित झालेली पाहिजेत. आयआयटी मद्रासची ऑनलाइन बीएस डिग्री आहे २०२० पासून, तिला जेईई लागत नाही, त्यांचीच पात्रता फेरी असते, बारावी मुक्त विद्यालयाची चालते. आणि मुंबईतल्या एका मुलीला २०१६ साली दहावी-बारावी काहीच न देता अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला, इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाडच्या पदकांवर. ते खरं आहे, पण ती फार वेगळी मुलगी, तिचं उदाहरण आपल्या मुलाच्या डोक्यावर ठेवू नका. दहावी-बारावीचा कागद असू द्या.

चौथं: दाखला

शाळा सोडल्याचा दाखला हा आपल्याकडे नुसता शाळेचा कागद नसतो. जन्मतारीख, जात, जन्मगाव, आईचं नाव, सगळं त्यावर, आणि पुढची पंधरा वर्षं कुठेही गेलात तरी पहिला तोच मागतात. म्हणून मिळाल्यावर तिथंच, ऑफिसच्या खिडकीपाशी उभं राहून अक्षर न अक्षर वाचा. आमच्या दाखल्यावर माझ्या नावातली एक वेलांटी चुकली होती आणि जन्मगावाच्या जागी तालुक्याचं नाव पडलं होतं. मी घाईत पिशवीत टाकून घरी आले. नंतर दुरुस्तीला अर्ज, जन्मदाखल्याची प्रत, मुख्याध्यापकांची सही, क्लार्क रजेवर, परत सोमवारी या, असे दोन महिने गेले आणि तेवढ्यात प्रवेशाची मुदत निघून चालली होती, शेवटच्या आठवड्यात कसाबसा फॉर्म भरला.

दाखल्यावर "शाळा सोडण्याचे कारण" असा रकाना असतो. क्लार्कनं मला विचारलं, ताई, कुठल्या शाळेत घालताय? मी म्हटलं कुठल्याच नाही. ते माझ्याकडे बघत बसले, मग शेजारच्या मॅडमकडे. भांडायचं नाही अशा वेळी. "पालकांच्या विनंतीवरून" एवढं लिहून मिळतं, आणि तेवढंच पुरे असतं. अर्जात मात्र स्वच्छ लिहा की मूल पुढे मुक्त विद्यालयातून शिकणार आहे, आणि त्या अर्जाची पोच घ्या, कारण शाळेला ऑनलाइन नोंदीत हे मूल कुठे गेलं ते दाखवावं लागतं, नाहीतर सहा महिन्यांनी शिक्षक दारात येतात शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे म्हणून. आमच्याकडे आले होते. चहा दिला, कागद दाखवले, गेले बिचारे.

शाळेत नाव असतानाच हे काढून ठेवा: जातीचा दाखला, डोमिसाइल, आधारवरचं नाव आणि जन्मतारीख शाळेशी जुळवून, आणि मागच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका. शाळा सोडली की काय काय बंद होतं तेही हिशोबात घ्या. मुलींना एसटीचा मोफत पास शाळेमुळे मिळतो, तो जातो. एनएमएमएसची शिष्यवृत्ती चालू असेल, वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी, तर तीही थांबते. चित्रकलेच्या एलिमेंट्री-इंटरमिजिएट शाळेतनंच बसून झालेल्या बऱ्या. गाणं, तबला, कथक यांचं तसं नाही, गांधर्व महाविद्यालयाच्या संगीताच्या परीक्षा कुणालाही देता येतात.

पाचवं: घरचे

यावर फार लिहीत नाही. सासूबाई आठ दिवस जेवल्या नाहीत धड. आत्याबाई म्हणाल्या, पोराचं वाटोळं करताय. वाद घालून काही होत नाही. आम्ही एक वाक्य ठरवलं होतं, "तो मुक्त विद्यालयातनं दहावी करतोय", आणि सगळ्यांना तेवढंच सांगायचो. दोघा नवराबायकोचं मात्र एक पाहिजे. त्यांच्यात एकाचं मन नसेल तर थांबा, सहा महिने थांबा, पण ओढाताणीत मुलाला घालू नका.

सहावं: पहिले सहा महिने काहीही शिकवू नका

हे वाचून लोक दचकतात. घरी शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांत एक ठोकताळा चालतो की जितकी वर्षं शाळेत गेली साधारण तितके महिने मूल निवायला लागतात. आमच्या बाबतीत तो बरोबर निघाला. मी पहिल्या सोमवारी टाइमटेबल केलं होतं, नऊ ते दहा गणित, दहा ते अकरा इंग्रजी, भिंतीला लावलं, रंगीत पेननं. चौथ्या दिवशी आमची अशी भांडणं झाली की शाळा परवडली म्हणायची वेळ आली. मी घरातच शाळा उघडली होती आणि त्यात वर्गात एकच मुलगा, म्हणजे पळायलाही जागा नाही. टाइमटेबल काढून टाकलं.

मग तो झोपला. दहा-दहा वाजेपर्यंत. मोबाइलवर गेम, रेल्वे इंजिनांचे व्हिडिओ, परत झोप. मी पतसंस्थेत काउंटरला बसून नोटा मोजताना डोक्यात तेच, काय करत असेल. दुपारी घरी फोन लावायचा मोह रोज व्हायचा. लावू नका. पण पूर्ण मोकळंही सोडू नका, आम्ही तीन गोष्टी पक्क्या ठेवल्या होत्या, रात्री साडेदहाला मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला, संध्याकाळी तास-दोन तास घराबाहेर, आणि रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र. बाकी दिवस त्याचा. शिवाय घरातलं एक काम पूर्ण त्याच्याकडे दिलं, लाइटबिल-गॅस-किराणा यांचा हिशोब. वही त्याची, पैसे तोच देणार, चुकलं तर तोच निस्तरणार. पहिल्या महिन्यात गॅसचे पैसे संपवून बसला, मी गप्प राहिले, चार दिवस शेगडीवर केलं. पुढच्या महिन्यापासून त्यानं लिफाफे केले.

एक मात्र ओळखा. निवणं वेगळं आणि आजारी असणं वेगळं. मूल जेवत नसेल, रडत असेल, कुणाशीच बोलत नसेल, जगण्याबद्दल काही वेडंवाकडं बोलत असेल तर हे सहा महिने वगैरे काही नाही, लगेच डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, मराठीत बोलतात.

सातवं: धागा सापडला की माणूस शोधा, क्लास नाही

फेब्रुवारीत आमचा मिक्सर जळाला. त्यानं तो उघडला, आतलं बघितलं आणि स्वतः घेऊन गेला वाइंडिंगच्या दुकानात, स्टँडच्या मागे एक मामा बसतात, चाळीस वर्षं मोटरी भरतात. मिक्सर द्यायला गेलेला पोरगा दोन तासांनी आला. दुसऱ्या दिवशी परत गेला. तिसऱ्या दिवशी मी गेले आणि मामांना सरळ विचारलं की हा रोज दुपारी दोन तास बसला तर चालेल का, पगार नको, पण गिऱ्हाइकांची पळापळ करायला लावायची नाही, चालू लाइनला हात लावायचा नाही, आणि व्हार्निश भाजतात तेव्हा आत थांबायचं नाही. मामा म्हणाले, बसू दे की.

असं विचारायला लाजू नका. नव्वद टक्के कारागिरांना आवडतं, त्यांची स्वतःची पोरं शिकून पुण्याला गेलेली असतात, कुणी बघायला येत नाही. फक्त कायदा माहीत पाहिजे: चौदाच्या आत कुठलंही काम नाही, आणि चौदा ते अठरा धोक्याचं काम नाही, २०१६ ची दुरुस्ती आहे बालकामगार कायद्यात. शिकायला बसणं आणि राबणं यातला फरक तुम्ही स्वतः अधूनमधून अचानक जाऊन बघायचा. मी जायची, डबा द्यायच्या निमित्तानं.

तिथे काय झालं ते जरा सविस्तर सांगते, कारण स्वतः शिकणं म्हणजे काय हे मला त्यातनं कळलं. पिठाच्या गिरणीची मोटर आली होती जळून. जुनी कॉइल कापून काढायच्या आधी मामांनी त्याला ती वहीत उतरवून घ्यायला लावली, खाचा ३६, कुठल्या खाचेतनं तार निघाली, कुठल्या खाचेत उतरली, टर्न म्हणजे वेढे किती, तारेचा गेज म्हणजे जाडी किती. एकदा कापली की सांगायला कुणी नाही, जळकी मोटर हेच पुस्तक, असं मामा म्हणतात. तो दोन दिवस मोजत होता, दोनदा चुकला. रात्री जेवताना मला म्हणाला, आई, तीन फेज असतात, पहिलीची तार एक नंबर खाचेतनं सुरू होते, दुसरीची सातव्या आणि तिसरीची तेराव्या, सहा-सहाचंच अंतर का? मला काय माहीत. मामांना विचारलं तर म्हणाले, आमच्या उस्तादानं असंच शिकवलंय, आणि मोटर फिरते ना?

तर तो तीन आठवडे त्याच्या मागे होता. व्हिडिओ, वाचनालयातलं एक आयटीआयचं पुस्तक, मिस्टरांच्या दुकानात झेरॉक्सला येणाऱ्या एका पॉलिटेक्निकच्या पोराला पकडून. एक दिवस दाखवलं त्यानं. मोटर चार पोलची, चार चुंबकी ध्रुवांची, म्हणजे गोलाच्या एका फेरीत विजेचे दोन फेरे, ७२० अंश. भागिले ३६ खाचा, एका खाचेला २० अंश. तीन फेज एकमेकांपासून १२० अंशांवर, म्हणून सहा खाचा. आठवीत कोन म्हटलं की ज्याच्या पोटात दुखायचं तो हे मला भाकरी थापताना सांगत होता. मग पुढचा प्रश्न, हिशोबानं ५० हर्ट्झला या मोटरचे मिनिटाला १५०० फेरे पाहिजेत आणि पाटीवर १४४० का लिहिलंय? तिथनं स्लिप, म्हणजे मोटर हिशोबापेक्षा थोडी मागे राहते ती, तिथनं साइनची लाट, आणि तिथनं त्यानं स्वतःहून बालभारतीचं दहावीचं गणित भाग २ उघडलं, त्रिकोणमितीचं प्रकरण. मी सांगितलं नव्हतं.

तुमच्या मुलाची मोटर दुसरी काहीतरी असेल. पक्षी असतील, केक असतील, क्रिकेटचे आकडे असतील. तुमचं काम एवढंच की त्या विषयातला हाडाचा माणूस शोधून द्यायचा आणि बाजूला व्हायचं. कौतुकाचा पूर आणायचा नाही, व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवायचे नाहीत, आणि "यातनं करिअर काय" हे तर बिलकूल विचारायचं नाही, विचारलं की दुसऱ्या दिवसापासून मूल सांगायचं बंद होतं.

हातानं करून शिकण्यात रस असेल तर पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे तो एकदा दाखवून आणा. डॉ. कलबागांनी १९८३ साली सुरू केला, एक वर्षाचा निवासी कोर्स आहे, फॅब्रिकेशन, वायरिंग-बांधकाम, शेती-पशुपालन, घर-आरोग्य असं सगळं प्रत्यक्ष काम करून, आठवी पास मुलांना घेतात. आम्ही जाऊन आलो, मुलाला खूप आवडलं, पण त्याला मामांना सोडायचं नव्हतं.

आठवं: सामान आणि खर्च

फार लागत नाही. तालुक्याच्या वाचनालयाची वर्गणी भरा, ही सगळ्यात स्वस्त शाळा. बालभारतीची सगळी पुस्तकं त्यांच्या साइटवर पीडीएफ मोफत आहेत, एनआयओएसचीही आहेत. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, मुलाला त्याची सवय लावा, एका नोंदीतनं दुसरीत जाण्यात दुपार जाते. पुण्याला गेलात तर आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतली मुक्तांगण विज्ञान शोधिका, आणि अरविंद गुप्तांच्या साइटवर कचऱ्यातनं करायची खेळणी आणि शेकड्यांनी पुस्तकं, मराठीतही, सगळं फुकट. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन साइटवर कॉलेजचे कोर्सेस मोफत ऐकता येतात, वयाची अट कुणी घालत नाही.

एक वही मात्र ठेवायला सांगा, तारीख टाकून रोज दोन-चार ओळी, काय केलं, काय अडलं, फोटो चिकटव, बिल चिकटव. सक्ती नको, पण मुलाला समजावून सांगा की पुढे कुठे मुलाखत असेल, कुणी विचारलं दोन वर्षं काय केलंस, तर ही वही पुढे ठेवता येते. आमच्याकडे आता चार वह्या झाल्यात, पहिलीत पहिले दोन महिने नुसतं "काही नाही" लिहिलंय.

परीक्षेच्या आधी तीन-चार महिने मात्र तो पुस्तकं घेऊन बसला, रोज तीन तास, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून. स्वतः शिकणाऱ्यांनीही परीक्षेचा अभ्यास परीक्षेसारखाच करावा, तिथे वेगळेपणा दाखवू नये. इंग्रजीत आम्हाला एक बाई मिळाल्या निवृत्त, आठवड्यातनं दोनदा, महिना आठशे.

नववं: मित्र

याची मला सगळ्यात जास्त काळजी होती आणि ती खरी निघाली. पहिले तीन महिने जुने मित्र आले, मग त्यांचे क्लास सुरू झाले, मग कुणी येईना. घरी शिकणाऱ्या मुलाला शाळेतला मार चुकतो तशी मधल्या सुट्टीतली मस्तीही चुकते, हे झाकून ठेवू नका. आम्ही त्याला तालमीत घातलं, संध्याकाळी पाच ते सात, तिथे सगळ्या वयाची सगळ्या घरातली पोरं. गणपती मंडळात वर्गणीचा हिशोब त्याच्याकडे दिला पोरांनी, कारण याला मोजायची सवय. ट्रेकिंगचा ग्रुप, नाटक, कबड्डी, काहीही, पण असं ठिकाण पाहिजे जिथे रोज जावंच लागतं आणि नाही गेलं तर कुणीतरी विचारतं, काल कुठे होतास. शक्य असेल तर शाळा सोडायच्या आधीच हे लावून द्या.

दहावं: परत जायचं म्हणाला तर

वर्षातनं एकदा, आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात करतो, मुलाला समोर बसवून विचारा की हे चालू ठेवायचं की परत जायचं. खरंच विचारा, उत्तर आधी ठरवून नाही. परतीचे रस्ते आहेत. मुक्त विद्यालयाची दहावी झाली की अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाला अर्ज करता येतो, आयटीआयला जाता येतं, डिप्लोमाला जाता येतं. दहावीच्या आधीच परत जायचं असेल तर जुन्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटा, दाखला आणि अर्ज घेऊन, जून उलटायच्या आत, नंतर पट भरला म्हणतात. त्यासाठीच पहिल्या दिवशी क्लार्कशी भांडू नका म्हटलं.

माझ्या ओळखीतली एक मुलगी दीड वर्ष घरी शिकून परत गेली, तिला वर्ग आवडायचा, मैत्रिणी हव्या होत्या, आणि आता मजेत आहे. तुमचं मूल असं म्हणालं तर त्या दिवशी "बघ, मी सांगत होते" एवढं वाक्य तोंडातनं येऊ देऊ नका, हरल्यासारखा चेहराही करू नका, पिशवीत दाखल्याच्या दोन झेरॉक्स टाका आणि त्याला घेऊन सरळ फॉर्म आणायला जा.